निळा पंप वर्षाला किती?

फलटणला आमचं मेडिकल आहे. संध्याकाळी सहा ते आठ गर्दीची वेळ, आणि त्या गर्दीत एक आवाज ठरलेला असायचा, "निळा द्या एक." हा आवाज अण्णांचा, वयाची साठी ओलांडलेल्या. उमेदीची सगळी वर्षं ऊसतोडीच्या टोळ्यांवर मुकादमकी करण्यात गेली. त्यांच्याकडची डॉक्टरांची चिठ्ठी चार वर्षांपूर्वीची, घड्या पडून पडून मधोमध फाटलेली. मी मागे वळून दम्याचा निळा पंप, म्हणजे इनहेलर, काढायचो, ते पैसे ठेवायचे, अर्ध्या मिनिटात काम व्हायचं. मार्चमध्ये हिशेब बघताना सहज त्यांचं नाव संगणकात टाकलं. वर्षभरात अकरा पंप. अकराही मीच दिलेले, आणि एकदाही "अण्णा, गेल्या महिन्यातला संपला पण?" असं विचारलं नव्हतं.

अकरा हा आकडा किती वाईट आहे हे कळायचं तर आधी त्या पंपात काय असतं आणि ते छातीत जाऊन नेमकं काय करतं, हे बघावं लागेल.

पाट, गाळ आणि आवळलेली मूठ

आमच्याकडे नीरा उजव्या कालव्यामुळे पाटपाण्याची भाषा सगळ्यांना कळते, म्हणून मी पाटाचंच उदाहरण देतो. फुप्फुसात हवा नेणाऱ्या नळ्या म्हणजे पाट समजा. दम्यात या पाटांचं तीन तऱ्हांनी बिनसतं. नळीभोवती स्नायूंचे पट्टे असतात, ते मूठ आवळावी तसे आवळतात. नळीचं आतलं अस्तर सुजतं, म्हणजे पाटाच्या भिंतीच आत फुगून येतात. आणि वर चिकट बेडका साचतो, तो गाळ. नळीची रुंदी निम्मी झाली तर हवा ढकलायला दुप्पट जोर लागेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात सरळ, संथ वाहणाऱ्या हवेसाठीही हिशेब सोळापट निघतो. म्हणून दम्याचा माणूस बसल्या जागी घामाघूम होतो, आणि शेजारच्याला कळत नाही की नुसतं बसून एवढं दमायला काय झालं.

श्वासनलिका सैल करणाऱ्या औषधांना ब्रॉन्कोडायलेटर म्हणतात. ही औषधं यातलं एकच काम करतात, आवळलेली मूठ सोडवतात. सूज उतरवत नाहीत आणि गाळही उपसत नाहीत. निळ्या पंपाबद्दल एवढं जरी नीट डोक्यात बसलं तरी पुढचं सगळं आपोआप समजतं. मूठ पाच मिनिटांत सुटते, छाती मोकळी होते, आणि माणसाला वाटतं की दमा गेला. सूज तिथेच असते. चार-सहा तासांनी औषध उतरलं की त्या सुजेमुळे मूठ पुन्हा आवळते.

सूज उतरवायचं काम श्वासातून घ्यायच्या स्टिरॉइडचं. ते सावकाश चालतं, काही दिवस-आठवडे घेतं, आणि घेतल्याक्षणी काहीच जाणवत नाही. लोकांच्या मनातून ते उतरतं ते याच कारणाने. "त्या दुसऱ्या पंपाने काय होतच नाही," हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो.

अॅड्रिनलिन, धोतरा आणि चहा

ही मूठ सोडवायच्या तीन वाटा माणसाला सापडल्या आहेत, आणि तिन्हींची मुळं औषधी कारखान्यांपेक्षा पुष्कळ जुनी आहेत.

पहिली वाट आपल्याच शरीराची. माणूस घाबरला की अॅड्रिनलिन सुटतं, काळीज धडधडतं, हात थरथरतात, आणि पळता यावं म्हणून श्वासनलिकाही रुंदावतात. यातला फक्त श्वासनलिकेचा भाग उचलता येईल का, या प्रयत्नातून साल्ब्युटामॉल आलं. १९६९ मध्ये ते ब्रिटनमध्ये बाजारात आलं, आणि आज निळ्या पंपात बहुधा तेच असतं. हृदयापेक्षा फुप्फुसावर त्याचा भर जास्त, पण वेगळेपण पूर्ण नाही. म्हणूनच दोन दाब घेतल्यावर बोटं थोडी कापतात, छातीत धडधड होते, डोकं जड होतं, कधी पोटऱ्यांना गोळे येतात. हे त्रास बहुतेकदा थोड्या वेळात ओसरतात. पण औषध फार झालं तर रक्तातलं पोटॅशियम खाली येतं, आणि मूळचं हृदयाचं दुखणं असेल तर ते महागात पडू शकतं.

दुसरी वाट धोतऱ्याची. महादेवाला वाहतो तोच धोतरा. त्याची पानं जाळून धूर ओढायची रीत दम्यावर आपल्याकडे जुनी होती, आणि १८०२ च्या सुमारास मद्रासहून ती ब्रिटनमध्ये पोहोचली. नंतर कित्येक वर्षं तिकडे दम्याच्या विड्या विकल्या जात होत्या. धोतऱ्यातलं अॅट्रोपिन मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारा 'आवळा' हा निरोप अडवतं. इप्रॅट्रोपियम आणि टायोट्रोपियम ही आजची औषधं त्याच घराण्यातली, पण रक्तात फारशी न मिसळता फुप्फुसापुरतं काम करावं अशा बेताने घडवलेली. धोतरा स्वतः विषारी आहे. कुणी सांगितलं म्हणून त्याचा धूर ओढू नका, आणि बिया तर पोटात जाताच कामा नयेत.

तिसरी वाट चहाची. १८८८ मध्ये आल्ब्रेख्ट कोसेल या जर्मन शास्त्रज्ञाला चहाच्या पानांत थिओफिलिन सापडलं. दम लागल्यावर कडक कोरा चहा देणाऱ्या आज्या अगदीच चुकत नव्हत्या, कारण चहातलं कॅफिन नळ्या थोड्या सैल करतं. मात्र तो आधार इतका किरकोळ असतो की खऱ्या अॅटॅकमध्ये चहा उकळत बसणं म्हणजे हातचा वेळ घालवणं. थिओफिलिनच्या गोळ्या आणि डेरिफायलिनचं इंजेक्शन आपल्याकडे अजून सर्रास चालतं. या औषधात गुण येणारी मात्रा आणि बाधणारी मात्रा यांत फार अंतर नसतं. जास्त झालं की मळमळ, उलट्या, झोप उडणं, आणि पुढे हृदयाचे ठोके चुकणं, झटके येणं इथपर्यंत मजल जाते. त्यावर सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा एरिथ्रोमायसिन यांसारखं अँटिबायोटिक सुरू झालं की तीच रोजची गोळी रक्तात जास्त साठते. बिडी ओढणाऱ्याच्या शरीरात हे औषध लवकर जिरतं. मग त्याने बिडी सोडली, चांगलंच केलं, पण गोळीची मात्रा तशीच राहिली तर रक्तातली पातळी चढते. बिडी सोडल्याची बातमी डॉक्टरांना द्यायला कुणाला सुचत नाही. ती द्यायला हवी.

अकराचा हिशेब

आता आकड्याकडे येऊ. साध्या निळ्या पंपात २०० दाब असतात. दमा काबूत असलेल्या माणसाला आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त वेळा त्याची गरज पडू नये, हा जुना आणि अजूनही उपयोगी ठोकताळा. दर वेळी दोन दाब धरले तर आठवड्याला चार, वर्षाला साधारण २०८. म्हणजे दमा ताब्यात असेल तर एक पंप वर्षभर पुरतो.

दम्याच्या उपचारांची जगभरची दिशा ठरवणारी 'गिना' नावाची संस्था १९९३ पासून काम करते. तिच्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलं आहे की वर्षाला तीन किंवा अधिक पंप लागणाऱ्यांना मोठ्या अॅटॅकचा धोका वाढलेला असतो, आणि बारा किंवा अधिक लागत असतील तर मृत्यूचा. अण्णांचे अकरा म्हणजे २,२०० दाब, दिवसाला सहा. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंची छाननी करून २०१४ मध्ये एक अहवाल आला होता. त्यात ज्यांच्या निळ्या पंपाची नोंद सापडली अशा १६५ जणांपैकी ६५ जणांना शेवटच्या वर्षात बारापेक्षा जास्त पंप लिहून दिलेले होते. सहा जणांना तर पन्नासपेक्षा जास्त. कुठल्या तरी काउंटरवर कुणीतरी ते देत राहिलं होतं. ते वाचल्यापासून मला 'निळा द्या' हे शब्द वेगळे ऐकू येतात.

औषध जीव घेतं का? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. पंपाचा जन्मच मोठा गोड आहे. अमेरिकेतल्या रायकर कंपनीचे जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारलं, माझं औषध केसांच्या स्प्रेसारखं डब्यात का नाही भरता येत? १९५६ मध्ये तसा पंप बाजारात आला. पण साठच्या दशकात इंग्लंड आणि वेल्स, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथे दम्याचे मृत्यू अचानक वाढले, तेव्हा बोट गेलं ते आयसोप्रिनलिन या औषधाच्या जास्त तीव्रतेच्या पंपाकडे. इशारे दिले गेले, वापर घटला, मृत्यूही घटले. न्यूझीलंडमध्ये १९७६ नंतर फेनोटेरॉलच्या पंपाबाबत पुन्हा तेच घडलं. यात थेट औषधाचा दोष किती, आणि पंपाच्या भरवशावर दवाखाना उशिरा गाठण्याचा किती, यावर बरीच वर्षं वाद चालला. माझ्यासारख्याला दुसरा भाग रोज दिसतो. पंप मारला की तासभर बरं वाटतं, आणि तोवर आतली सूज वाढत राहते.

शिवाय रोज रोज हेच औषध घेतलं की स्नायू त्याला हळूहळू दाद देईनासे होतात आणि नळ्या धुळीला, परागकणांना आणखी बिचकायला लागतात. "पंपाची सवय लागते" ही लोकांची भीती त्यामुळे अगदीच निराधार म्हणता येत नाही, फक्त ती चुकीच्या पंपावर जाऊन बसली आहे. व्यसन म्हणतात तसं कुठल्याच पंपाचं लागत नाही. पण घरोघरी स्टिरॉइडचा पंप भीतीने बंद होतो आणि निळा बिनधास्त चालू राहतो. स्टिरॉइडच्या पंपाच्या एका दाबात १०० किंवा २०० मायक्रोग्रॅम औषध असतं. तोंडाने घ्यायच्या स्टिरॉइडच्या गोळ्या ५-१० मिलिग्रॅमच्या असतात, आणि एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. औषधं वेगवेगळी असल्याने आकडे सरळ ताडून बघता येत नाहीत, तरी अंदाज येतो. घेतल्यावर चूळ भरून थुंकली की तोंडात बुरशी येण्याचा, आवाज बसण्याचा त्रासही बराच टळतो.

२०१९ मध्ये 'गिना'ने मोठा बदल केला. बारा वर्षांवरच्या मुलांना आणि मोठ्यांना दम्यासाठी नुसता निळा पंप देऊ नका, कुठल्या ना कुठल्या रूपात श्वासातलं स्टिरॉइड बरोबर हवंच, असं सांगितलं. त्यातली एक सोय अशी की फॉर्मोटेरॉल हे औषध बारा तास टिकतं आणि कामही दोन-तीन मिनिटांत सुरू करतं. ते बुडेसोनाइड या स्टिरॉइडबरोबर एकाच पंपात मिळतं. त्यामुळे दम लागेल तेव्हाही तोच पंप आणि रोजच्यासाठीही तोच, असं डॉक्टर लिहून देऊ शकतात. मूठ सुटते, आणि प्रत्येक वेळी सुजेवरही थोडं औषध पडतं. पण ही मुभा फॉर्मोटेरॉलवाल्या पंपाला आहे. साल्मेटेरॉल या बारा तास टिकणाऱ्या दुसऱ्या औषधाचा जोडपंप दिसायला तसाच असला तरी त्याचं काम सुरू व्हायला वेळ लागतो, तो अॅटॅकमध्ये वापरायचा नसतो.

बारा तास टिकणारं औषध स्टिरॉइडशिवाय एकटं घेणं दम्यात घातक ठरू शकतं, हेही महागात शिकलेलं शहाणपण. अमेरिकेत २६ हजारांहून अधिक रुग्णांवर साल्मेटेरॉलची चाचणी चालू होती, ती २००३ मध्ये मध्येच थांबवली. औषध मिळालेल्या गटात दम्याने १३ मृत्यू झाले होते, दुसऱ्या गटात तीन. स्टिरॉइडच्या जोडीने दिल्यावर तो धोका दिसला नाही, म्हणून २०१७ मध्ये अशा जोडपंपांवरचा ठळक इशारा तिथल्या औषध प्रशासनाने काढून टाकला.

वाचणाऱ्यांपैकी कुणी म्हणेल, आमच्या आईला तर डॉक्टरांनी स्टिरॉइडशिवायचाच पंप दिलाय. दिला असेल, आणि बरोबरही असेल. वर्षानुवर्षं चुलीचा धूर किंवा बिडी यांमुळे होणारा सीओपीडी हा वेगळा आजार आहे. त्यात टायोट्रोपियमसारखी चोवीस तास टिकणारी औषधं एकटीही चालतात. धाप दोन्हीकडे सारखीच दिसते, नियम मात्र उलटे. म्हणून एकदा फुंकण्याची तपासणी, स्पायरोमेट्री, करून घ्यावी. आधी फुंकायचं, मग ब्रॉन्कोडायलेटर घ्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. फरक किती पडला यावरून डॉक्टरांना पुष्कळ कळतं. आणि पायांवर सूज, रात्री आडवं झालं की धाप, उठून बसलं की बरं, असं असेल तर दुखणं हृदयाचंही असू शकतं. त्यावर शेजाऱ्याचा पंप मारून बघणं हा उपाय नव्हे.

औषध छातीत जातं की जिभेवर?

काउंटरवर मी आता एक आगाऊपणा करतो. पंप देताना म्हणतो, "एकदा माझ्यासमोर घेऊन दाखवा." दहातले सात-आठ जण चुकतात, आणि त्यात शिकलेले-न शिकलेले असा काही भेद नाही. कुणी अत्तर मारल्यासारखा उघड्या तोंडात फवारतो. कुणी आधी श्वास घेऊन टाकतो आणि मग दाबतो. एक शिक्षिका तर नाकात मारत होत्या, सहा महिने.

पंप हलवायचा. श्वास सावकाश पूर्ण बाहेर सोडायचा, पंपात नाही. ओठ तोंडीभोवती घट्ट मिटायचे. मग हळूहळू श्वास आत ओढायला सुरुवात करायची आणि त्याच वेळी एकदा दाबायचं, ओढणं चालूच ठेवायचं. दहा आकडे श्वास रोखायचा. दुसरा दाब लागणार असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून पुन्हा हलवून घ्यायचा. घाईने ओढलं की औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आपटून तिथेच राहतं. नीट घेतलं तरी दाबातला लहानसाच भाग फुप्फुसात पोहोचतो, मग चुकीचं घेतल्यावर काय पोहोचणार?

म्हणून स्पेसर. पारदर्शक प्लॅस्टिकची ती पोकळ नळी लोकांना खेळणं वाटते आणि "ते नको, नुसता पंप द्या" म्हणतात. माझ्या मते पंपाच्या खरेदीत सगळ्यात उपयोगी पैसे तेच. दाबलेलं औषध त्यात क्षणभर तरंगतं, मग दाबणं आणि ओढणं यांचा मेळ साधण्याची कसरत उरत नाही. लहान मुलाला, म्हाताऱ्या माणसाला, धाप लागून घाबरलेल्याला चार-पाच साधे श्वास घेतले तरी पुरतं. चार वर्षांखालच्या मुलांना त्यालाच मास्क लावून द्यायचा. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा आणि तसाच वाळू द्यायचा. फडक्याने पुसलात तर घर्षणाने प्लॅस्टिकवर विद्युतभार येतो आणि पुढचं औषध भिंतीलाच चिकटतं.

वाफेच्या मशीनबद्दलही एक गैरसमज मोडायला हवा. नेब्युलायझर लावला म्हणजे 'भारी' उपचार झाला असं वाटतं. जिवावर बेतलेला अॅटॅक सोडला तर स्पेसरमधून नीट घेतलेले पंपाचे दाब तेवढंच काम करतात. मशीनच्या एका कुपीत साल्ब्युटामॉलचं प्रमाण २.५ मिलिग्रॅम, म्हणजे पंपाचे पंचवीस दाब. त्यातलं बरंचसं हवेत जातं हे खरं, पण उरलेल्यानेही थरथर आणि धडधड जास्त होते. गोळीचा हिशेब तर आणखी वेडावाकडा. पंपाचा दाब १०० मायक्रोग्रॅमचा, साल्ब्युटामॉलची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची. चाळीस दाबांइतकं औषध पोटातून सगळ्या अंगभर फिरवायचं, कशासाठी, तर छातीच्या नळ्यांसाठी. "पंप नको, तो शेवटचा उपाय, गोळीच द्या" असं म्हणणाऱ्यांना मी हा भागाकार कागदावर करून दाखवतो.

याच जातीचं औषध कित्येक खोकल्याच्या सिरपमध्येही असतं, टर्ब्युटालिन किंवा लिव्होसाल्ब्युटामॉल या नावाने. घरात मुलाला पंप चालू, वर सर्दी झाली म्हणून असं सिरप, आणि मग "पोराचे हात का कापतात?" बाटलीमागची बारीक अक्षरं वाचायची ती यासाठी.

दुसऱ्या दुखण्याचं औषध

दम्याच्या माणसाला काचबिंदूसाठी टिमोलॉलचे डोळ्यात घालायचे थेंब मिळाले, किंवा अर्धशिशीसाठी, हात थरथरतात म्हणून प्रोप्रॅनोलॉलची गोळी सुरू झाली, तर ते औषध साल्ब्युटामॉलची वाटच बंद करतं. डोळ्यात घातलेल्या दोन थेंबांनी छाती आवळते हे कुणाला खरं वाटत नाही, पण होतं तसं. काहींना अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या वेदनाशामकांनीही अॅटॅक येतो. उलट बाजूने, इप्रॅट्रोपियमची वाफ मास्कच्या फटीतून डोळ्यात गेली तर ज्यांच्या डोळ्याची ठेवण तशी आहे त्यांच्या डोळ्यातला दाब एकदम वाढू शकतो. प्रोस्टेट वाढलेल्या म्हाताऱ्यांची लघवीही त्याने अडू शकते. डोळ्यांच्या डॉक्टरांना दमा आहे हे सांगायचं, आणि छातीच्या डॉक्टरांना डोळ्यांचे थेंब दाखवायचे. गरोदरपणात मात्र घाबरून पंप बंद करू नये. आईचा श्वास कोंडला तर बाळालाच ऑक्सिजन कमी पडतो.

पंप मारला आणि धाप कमी होण्याऐवजी लगेच वाढली, असं क्वचित होतं. तसं झालं तर तो पंप थांबवून ताबडतोब दवाखाना गाठायचा.

आणि कोजागरीची खीर. चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दम्याचं औषध देणारी ठिकाणं आपल्याकडे आहेत, लोक श्रद्धेने जातात. माझा श्रद्धेशी वाद नाही. पण "हे घेतलं की पंप बंद करायचा" असं कुणी म्हणालं तर तेवढं एक वाक्य ऐकू नका. तो मोसम फटाक्यांचा, पहाटेच्या गारठ्याचा, आणि आमच्या भागात गळीत हंगाम सुरू होऊन पाचट पेटण्याचा.

अॅटॅक आला तर

डॉक्टरांनी लिहून दिलेली योजना असेल तर तीच पाळायची. नसेल तर ऑस्ट्रेलियात शाळेतल्या मुलांनाही शिकवतात ती चाराची रीत लक्षात ठेवायला सोपी आहे. माणसाला ताठ बसवायचं, झोपवायचं नाही. स्पेसरमधून निळ्या पंपाचा एक दाब, चार श्वास. असे चार दाब. चार मिनिटं थांबायचं. फरक नाही पडला तर १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत चार-चार दाब तसेच चालू ठेवायचे. अशा वेळी "आधीच खूप झाले" म्हणून हात आखडता घ्यायचा नाही. रोजच्या वापरात जे जास्त असतं ते अॅटॅकमध्ये जास्त नसतं.

एक वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ किंवा नखं निळसर दिसत असतील, माणूस पेंगायला लागला असेल, तर चार मिनिटंही थांबू नका. छातीतली शिट्टी अचानक बंद झाली आणि माणूस मात्र दमलेलाच असेल, तर तो आराम नाही. शिट्टी वाजायलाही हवा लागते. आणि अॅटॅक ओसरला तरी एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवायचं, कारण सूज जागच्या जागी असते.

अण्णांना मी एप्रिलमध्ये संगणकातली यादी छापून दिली. "हा कागद डॉक्टरांपुढे ठेवा, तोंडाने काही सांगू नका." पहिल्यांदा जरा रागावलेच, "इतकी वर्षं दिलात, आता कागद काय देता?" बोलणं खरं होतं, मी गप्प बसलो. पंधरा दिवसांनी नवी चिठ्ठी घेऊन आले. त्यावर जोडपंप होता आणि स्पेसर. पंपावर सुरू केल्याची तारीख मार्करने लिहून घेतली. पंपावर आकडे दाखवणारी खिडकी असेल तर उत्तमच. नसेल तर दाब मोजायचे. पाण्यात टाकून तरंगतो की बुडतो बघायची जुनी युक्ती भरवशाची नाही, शिवाय तोंडी ओली होऊन तुंबते.

आषाढात माउलींची पालखी बरडला जाण्याआधी फलटणला मुक्कामी असते, तेव्हा दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवतो. धूळ, पाऊस, रोजचं चालणं, आणि ओल्या तळावरची झोप. गेल्या वर्षी बीडकडच्या एक मावशी प्लॅस्टिकच्या डबीत भुकटीच्या कॅप्सूल घेऊन आल्या. यंत्रात फोडून ओढायच्या असतात त्या. पावसाने मऊ पडून एकमेकींना चिकटल्या होत्या. त्यातल्या दोन मावशींनी पाण्याबरोबर गिळल्याही होत्या, "फुटंना म्हणून." गिळल्याने अपाय झाला नव्हता, पण छातीपर्यंत पोहोचलंही काही नव्हतं. नवी कॅप्सूल फोडून दाखवली. ही जोरात आणि खोल ओढायची, पंपासारखी हळू नाही, आणि यंत्रात फुंकायचं नाही, नाहीतर वाफेने भुकटी ओली होते. मावशींनी दोनदा करून दाखवलं. मग कॅप्सूलची पट्टी तशीच्या तशी, न सुटी करता, वहीच्या कागदात आणि वरून पिशवीत गुंडाळली, निळा पंप मात्र तुळशीमाळेच्या बटव्यात वरच हाताशी ठेवला आणि विचारलं, "बरडपर्यंत चढ हाय का ओ?"